खाटेची कड

परिचारिकेला स्वतःची वेदना नसते. निदान परिचारिका दिनाच्या व्यासपीठावरून पाहुण्यांनी तसं सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या सिस्टरने कमरेला चोळलेल्या बामाचा वास आला आणि मी मनाने शहाद्यातल्या बायकांच्या जुन्या वॉर्डात पोचले.

मला सिकलसेल आहे, हाडं ठणकवणारा रक्ताचा आजार. त्या दुपारी मांड्यांच्या हाडांतून कळ चढत होती आणि मी खाटांचे दांडे धरत सलाइनच्या बाटल्या बदलत होते. आदल्या दिवशी सिझेरियन झालेली म्हसावदची सखूबाई माझ्याकडे बघत होती.

"सिस्टर, बठ ना वं जराशी," म्हणत तिने पाय आखडून कडेला जागा केली आणि उशीखालची बामाची डबी माझ्या हातावर ठेवली. मी बसले. बरं वाटलं. उठताना हात टेकला, तेव्हा चादर ओली लागली. रक्त होतं.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडले.

"तूच कण्ही ऱ्हायनी व्हती, माय. तुले काय सांगू?"

तिला गाडीत घालून नंदुरबारला नेलं. पुढचं मला कधीच कळलं नाही. तेव्हा मला तिचा रागच आला होता. आता मी घरात बाम ठेवत नाही.

भाषण संपलं. पाहुण्यांनी आमच्या रांगेकडे हात केला, टाळ्या झाल्या. आम्ही तासभर उभ्याच होतो. खुर्च्या पाहुण्यांपुरत्याच आणल्या होत्या.