कुणाची हरकत आहे का?

आमच्या घरात मासा शिरला तो माझ्या नोकरीबरोबर. काटेवाडीच्या उसातली पोर समुद्राच्या सरकारी खात्यात कशी गेली, हे माझ्या वडिलांना आजतागायत पटलेलं नाही. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही तेच म्हणते. त्यांच्या लेखी मासा इंदापूरकडं धरणात असतो आणि त्यानं तिथंच राहावं.

कोरोनाच्या काळात मासेमारीवरची आमची आंतरराष्ट्रीय सभा संगणकावर आली आणि मी माजघरात बसून तिला हजेरी लावू लागले.

"आगं, ह्या सभेत करता काय तुमी?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. महासागराच्या काठचे देश आणि लांबून तिथं जहाजं धाडणारे देश, सगळे सभासद. शास्त्रज्ञांची समिती सांगते मासा किती उरलाय, दुसरी समिती बघते कोण नियम मोडतंय आणि शेवटी सर्वसाधारण सभा ठरवते. मतदान जवळजवळ होतच नाही. अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत आहे का? कुणी बोललं नाही की मंजूर.

"म्हंजी आमच्या साखर कारखान्याच्या सभेवानीच की! फकस्त आमी 'मंजूर मंजूर' वरडतो, तुमी गप बसता."

त्या दिवशी ट्यूना मासा वाचवण्यासाठी काही काळ मासेमारी बंद ठेवायचा ठराव होता. बंदी हवीच होती. पण अवाढव्य जहाजाला जो नियम, तोच किनाऱ्यालगत गळ टाकणाऱ्या होडीला, हा कुठला न्याय? 'लहान होड्या वगळून' एवढे शब्द आम्हाला, म्हणजे भारताला, घालून घ्यायचे होते. खात्यातले माझे साहेब दुसऱ्या बैठकीत होते, विषय माझ्यावर सोपवलेला. मी बोलले नाही, तर आपल्या होडीवाल्यांना होड्या वाळूत ओढून ठेवाव्या लागणार होत्या. त्यांना याचा पत्ताही नव्हता.

विषय पुकारला आणि नेमकी शेतीची थ्री फेज वीज आली. आमच्या शिवारात मोटरींना ऑटो बसवलेले, वीज आली की मोटर आपली आपण सुरू होते. आमच्या घराच्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या साऱ्या मोटरी एकदम उठल्या, होल्टेज बसलं. इन्व्हर्टर घडीत विजेवर, घडीत बॅटरीवर, असा तळ्यात-मळ्यात करू लागला आणि राउटर बंद पडला. माजघरात मोबाइलला रेंज नाही.

"आबा, घराचा मेन पाडा! बॅटरीवर तरी नीट चालेल!" मी किंचाळले.

आबा गोठ्यातून शेणाच्या हातानं धावत आले. त्यांनी मेन पाडला.

मी परत जोडले गेले तेव्हा अध्यक्ष पुढचा विषय वाचत होते. ठराव मंजूर झाला होता. मी तिथं नव्हते, म्हणजे भारत गप्प, म्हणजे भारताची संमती. रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप.

"अध्यक्ष महोदय, आमचा संपर्क तुटला होता. तो विषय पुन्हा उघडावा."

अध्यक्षांनी शेजारच्याशी कुजबूज केली. मग म्हणाले, मंजूर विषय सगळ्यांची संमती असेल तरच उघडता येतो, एकानंही नकार दिला तर नाही.

"कुणाची हरकत आहे का?"

ज्या गप्प बसण्यानं माझा घात केला होता, त्याच्यासाठीच मी आता देव पाण्यात घालून बसले. लांबून जहाजं धाडणाऱ्या एका देशाचे प्रतिनिधी सकाळपासून त्या शब्दांविरुद्ध भांडत होते. त्यांचाच माइक सुरू झाला.

"हरकत आहे," ते म्हणाले.

आबांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण माझ्याकडं बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

"त्या शब्दांना आमची हरकत आहे. पण बाईंचं न ऐकता ठराव झाला, असं व्हायला नको. विषय उघडा."

मग मी बोलले. ते भांडले, मीही भांडले. वाटलं नव्हतं इतकी ओढाताण झाली आणि अखेर ते शब्द मसुद्यात आले. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी खरंच कुणाचीच हरकत नव्हती.

आबा अजून दारातच होते, हातावरचं शेण वाळलेलं.

"त्या होडीवाल्यांस्नी कळवलंस का?"

"काय कळवू आबा? उद्या ते रोजच्यासारख्या होड्या लोटतील, एवढंच."

आबांनी मान हलवली आणि मेन वर केला.