माझ्या कवितांना मिळाला कायमचा पत्ता

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

शाळेत पाठ केलेल्या कविता माझ्या आवाजात घरच्या कॉम्प्युटरवर ठेवल्यात, जुन्या वर्गमित्रांनी कुठूनही ऐकाव्यात म्हणून. पण आमच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, म्हणजे कॉम्प्युटर शोधायचा नंबर, सारखा बदलायचा आणि शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या, आता संगमनेरला असलेल्या दत्तूला त्या सापडायच्याच नाहीत.

आज शेवगावात नव्यानं आलेल्या इंटरनेट कंपनीनं न बदलणारा पत्ता दिला. कळताच जुन्या कंपनीचा माणूस धावत आला.

"अण्णा, आमी पण दिला असता की!"

"वर्षभर मागत हुतो, तवा कुठं गेल्तास?"

तेवढ्यात दत्तूचा फोन. "ऐकली रे! पण तिसरं कडवं गाळलंस. छडी खाशील!"

किती वर्षांनी जणू पुन्हा एका बाकावर बसलो आम्ही! ती कविता आता त्या कडव्यासकट पुन्हा म्हणतोय.

तुम्हाला कोणती कविता अजून तोंडपाठ आहे?