पाणी नव्हे, तीर्थ

वॉर्डात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला सगळे पाठीमागे कोरडीबाई म्हणत. दिवसभर तिचं एकच पालुपद: कोरडं ठेवा. स्वभावही कोरडाच, असं म्हणणारे होते; पण ते बहुतेक जखम भिजवून आलेले असत.

त्या आठवड्यात तिचा जीव शिंपीमास्तरांच्या उजव्या पायात अडकला होता. साखरेचं दुखणं, अंगठा चिघळलेला. शुक्रवारपर्यंत जखम सुकली नाही तर पाऊल कापावं लागेल, असं सर्जन बजावून गेले होते. आणि मास्तरांचं मशीन पायाचं.

मंगळवारी पट्टी सोडली, तर आत चिंब.

"पाणी लावू नका म्हणून घसा फोडला ना मी?"

मास्तरांची थोरली बहीण दुखावली. "पाणी कुठे लावलं? तीर्थ लावलं."

कोरडीबाई कपाळाला हात लावणार, तेवढ्यात तिला हातमोजे आठवले.

बहिणीचं म्हणणं, दुखणं म्हणजे मागच्या जन्मीचे भोग. ते देवाच्या पायाशीच सरतात, औषध आपलं निमित्ताला. शेजारच्या खाटेवरचे बेकरीवाले चाचा हसले. देवाने आजार दिला तसा इलाजही दिलाय, तो न करणं हाच गुन्हा, असं त्यांचं मत. पाण्यावर दुआ आम्हीही फुंकतो म्हणाले, पण ते पितो. कोरडीबाईला हायसं वाटलं. चला, एक तरी शहाणा. मग कळलं, चाचांनी दिलेला पेला मास्तरांनी अर्धा पट्टीवरच सांडला होता.

बुधवारी चर्चमधल्या मावशी आल्या. आजार ही शिक्षा नव्हे, बाळा, असं मधाळ आवाजात सांगत त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाता जाता पट्टीच्या कडेने तेलाचं बोट फिरवलं. पाणी चालत नाही ना, म्हणून तेल.

मास्तर सगळ्यांना हो म्हणायचे. "तिन्ही खात्यांत अर्ज टाकलाय, सिस्टर. कुठे तरी मंजूर होईल."

कोरडीबाईने तिघांना खाटेपाशी गाठलं. "देव तुमचा, पाय माझा. काय मागायचं ते मागा, पण कोरडं मागा."

कोरडी प्रार्थना कधी पोचते का, असं बहीण पुटपुटली. पण ऐकलं. तीर्थ मास्तरांच्या पोटात गेलं, तेल कपाळाला लागलं, दुआ हवेवर फुंकली गेली.

शुक्रवारी पाऊल वाचलं. अंगठा मात्र काढावा लागला. तो आधीच्या ओलीने केव्हाच नासला होता.

"बघितलंत?" बहीण म्हणाली. "तीर्थ लावत होते तोवर अंगठा जागेवर होता. कोरडं ठेवलं आणि गेला."

मावशींनी उसासा टाकला. चाचा म्हणाले, त्याची मर्जी.

कोरडीबाईने कोरड्या पट्टीचं नवं पाकीट फोडलं.

मास्तरांनी मात्र बँडेजकडे बघत हळूच विचारलं, चार बोटांवर मशीन चालेल का.

"चालेल," ती म्हणाली. "टाके कोरडे ठेवलेत तर."