व्हय म्हाराजा आणि अमेरिकेचा गहू

सातवी पास होऊन सासरी आलेली बाई म्हणजे आमच्या वाडीत मी एकटीच. त्यामुळे जगात कुठे काय चाललंय ते मलाच कळतं, अशी माझी खात्री! रेशनवरचा तांदूळ घटला आणि अमेरिकेचा लाल गहू आला, तेव्हा विहिरीवर बायांना मी ऐकवलं, "दोन देशांचा करार झालाय." मग घरी येऊन त्या करारातल्या गव्हाची पेज केली. सासूबाईंनी एक दाणा चावला. "गो सातवी पास, ह्यो गहू काय छर्रे?"

त्याच सुमारास शेतीखात्याचे एक साहेब आले. देवळासमोर गाव जमला. साहेब म्हणाले, "डोंगरउतारावरची तुमची जमीन वरकस, कमी कसाची; नाचणी हलकं धान्य. ती बंद करा, सगळीकडे काजू लावा. काजूगर परदेशी जाईल, डॉलर येतील. पोटाला परदेशचा गहू येतोच आहे."

आमच्या घरातला भात शिमग्यापर्यंत पुरायचा. पुढे पोरं जगायची ती त्याच उतारावरच्या नाचणीवर. पण साहेबांची भाषा पुस्तकातली होती, आणि मी भाळले.

शेवटी ते देवाकडे वळले. "देवा, या गावाच्या नव्या लागवडीला यश दे..."

आमच्याकडे देवापुढे असं मागणं म्हणजे गाऱ्हाणं. त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" विचार करायचा नसतो, तोंडातून निघतंच. निघालं. सर्वांत मोठा गळा माझा.

"गावाचा होकार मिळाला!" साहेब खूश. मृगाआधी माणसं आणि रोपं पाठवतो म्हणाले.

वाटेत सासूबाई म्हणाल्या, "व्हय म्हणालंस मां? आता पोरांका डॉलरांची भाकरी थापून घाल."

रोपं आली, साहेबही आले. माणसं कोयते घेऊन उताराकडे निघणार, तेवढ्यात मी देवळाच्या पायरीवर चढले. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. म्हणूनच घातलं.

"बा देवा म्हाराजा! भाव ठरवतले ते, आगबोट धाडतले ते, आणि उपाशी रवतलो आमी. ह्यो खंयचो न्याय रे म्हाराजा?"

सगळ्यांत आधी सासूबाईंचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"एखाद्या वर्षी त्यांचा मन फिरला नि आगबोट ईली नाय, तर आमची पोरां काय काजूची पाना चघळतली? नाचणीक हलकी म्हणणाऱ्याक एक पावसाळो गव्हाच्या पेजेर काढूक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाच्या कौलांवरचे कावळे उडाले.

"हा काय प्रकार आहे?" साहेब लाल झाले.

मी पदर सावरून माझी सातवी बाहेर काढली. "गावाचा होकार आहे, साहेब. मागच्यासारखाच. वर कळवा. अमेरिकेलाही कळवलंत तरी आमची हरकत नाही."

साहेब गेले, रोपं राहिली. फुकटची सोडायला आम्ही काय खुळे? कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कडेने लावली. उतारावर मात्र नाचणीच पेरली. पुढे एका पावसाळ्यात रेशनच्या दुकानाला गहू नाही म्हणून कुलूप लागलं. त्या दिवशी सासूबाईंनी नाचणीची पहिली भाकरी माझ्या पानात टाकली आणि म्हणाल्या, "खा गो, म्हाराजा."