एका वर्षात नऊ बदल्या

"पलंगाखाली किती जागा राह्यते?" कुमरेबाईंनी विचारलं.

जहाजाच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव होता, नाचघर होतं, जेवायच्या जागाच पाच होत्या. त्यातलं बाईंना काहीच नको होतं. केबिनमधल्या पलंगाखालची उंची तेवढी हवी होती, कारण त्यांच्या दोन पत्र्याच्या पेट्या एकदा तिथं सरकवल्या की पुन्हा काढायच्या नव्हत्या. मी मुंबईच्या बुकिंग ऑफिसला फोन लावला. तिकडच्या मुलीनं "पलंगाखाली?" असं तीनदा विचारलं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट आहे. चंद्रपुरात माझी छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती. नागपूर-हैदराबादच्या बसगाड्या, तिरुपतीची टूर, वर्षातून एकदा हजची मंडळी. यात जहाज कधी आलं नव्हतं. आणि आलं ते हे असं. आलापल्लीहून रिटायर झालेले फॉरेस्ट रेंजर कुमरे साहेब आणि बाई माझ्यासमोर बसून म्हणाले, आम्हाला जहाजावर जायचंय. फिरायला नाही. राहायला, उरलेला जन्म.

कुमरे साहेबांची वडिलोपार्जित जमीन कोळशाच्या खाणीत गेली होती, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. अडचण घराची होती. नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, स्वतःचं घर बांधलंच नाही. आता दोन महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. चंद्रपुरात घर घ्यायचं की जहाज, एवढाच सवाल होता.

जहाज हे बाईंच्या डोक्यातून निघालेलं. टीव्हीवर त्यांनी जहाजावर कायम राहणारी एक म्हातारी पाहिली होती. साहेबांच्या नोकरीत चौदा बदल्या झाल्या. भामरागड, सिरोंचा, मुलचेरा, कुठं कुठं म्हणून नाही. दर वेळी बिऱ्हाड बांधलं बाईंनी, सोडलं बाईंनी. साहेब जीपमधून पुढं जायचे.

"आतापर्यंत गावं जागेवर राह्यली अन् मी हलली," बाई म्हणाल्या. "आता मी बसतो म्हणलं, गावंच येऊ द्या दारात."

हे ऐकून मी येडाच झालो. दुकानाच्या काचेवर जहाजाचं पोस्टर लावलं. लोक आत येऊन विचारू लागले, आणि मी सिंगापूरची, मलाक्काची नावं अशी घेत होतो जशी बल्लारपूर-राजुरा. माझी बायको रझिया म्हणाली, जेद्दाला थांबत असेल तर आपणही जाऊ. माझं कामात लक्षच लागेना. एका माणसाला तिरुपतीऐवजी शिर्डीची सीट दिली.

कुमरे साहेब मात्र फॉरेस्टच्या शिस्तीचे. त्यांच्या खात्यात बदली झाली की चार्ज द्यायचा असतो. म्हणजे जुना माणूस यादी करतो, नवा माणूस एकेक वस्तू पाहून सही करतो. साहेबांनी केबिनची अशी यादी मागितली. दिवे किती, खुंट्या किती, बादली किती. मुंबईची मुलगी म्हणाली, बादली नसते. बादलीवर आमचा अर्धा तास गेला. शेवटी साहेबांनी 'बादली: निरंक' असं लिहून माझी सही घेतली.

मग मी बुकिंगला बसलो. जहाजावरची खोली वर्षाच्या भाड्यानं मिळत नव्हती. एकेका सफरीचं बुकिंग करायचं, आणि अशा सफरी एकीला एक जोडत जायच्या. आमच्या धंद्यात त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात. वर्षभराच्या सफरी जोडायला मला आठवडा लागला. मी रंगीत स्केचपेननं चार्ट केला, लॅमिनेट केला आणि दोघांना बोलावलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बुकिंग होतं. संध्याकाळपर्यंत मुंबईला होकाराचा फॅक्स करायचा होता.

बाई बोट ठेवून चार्ट वाचू लागल्या. बोट थांबलं.

"हे तिसरा माळा, मंग पाचवा, मंग परत तिसरा. काऊन?"

मी समजावलं. प्रत्येक सफरीत तीच केबिन रिकामी नसते, दुसऱ्या कुणी आधीच घेतलेली असते. मग आपण वेगळ्या केबिनमध्ये जायचं. सामान जहाजाची माणसं उचलतात. आपण फक्त बांधून ठेवायचं.

"अन् हे दोन हप्ते कोरे?"

"ड्राय डॉक. जहाज दुरुस्तीले पाण्याबाहेर काढतात. तेव्हा सगळे उतरतात."

"मंग आमी कुठी?"

"हॉटेलात," मी म्हणालो, आणि म्हणतानाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर बसून मी या बाईला काय दिलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

साहेबांनी चार्ट ओढून मोजलं. "नऊ बदल्या," ते म्हणाले. "एका वर्षात. अन् एक सस्पेन्शन."

मी मुंबईला फोन केला. एकच केबिन वर्षभर मिळेल का? मिळेल, पण पुढच्या वर्षी. दोन महिने तर संपत आले होते, क्वार्टर याच महिनाअखेर सोडायचं होतं. मी म्हणू शकलो असतो की नऊच तर वेळा आहे, बाई. जिभेवर आलंही होतं. पण त्यांचा चेहरा पाहून मला स्वतःची लाज वाटली. मी चार्ट उलटा करून ठेवला.

मग बाई साहेबांकडे वळल्या. "तुमची लय इच्छा असन तर बांधतो मी सामान. सवय हाये मले."

साहेब खाली पाहत म्हणाले, "मले पोहता येत नाई. पाण्याची भीती वाटते मले. पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलले काऊन नाई?"

"चौदा वेळा तू बोलली का?"

बाई आधी हसल्या, मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, मग परत हसल्या. साहेबही हसायला लागले. सगळ्यात मोठं बुकिंग बुडालेला मी, मीही हसत होतो, आणि रझिया मागच्या खोलीतून काय झालं म्हणून धावत आली.

त्यांनी चंद्रपुरातच तीन खोल्यांचं घर घेतलं. धंद्यासाठी मी एक धडा घेतला. गिऱ्हाइकाला कुठं जायचंय हे मी तेव्हापासून नंतर विचारतो. सामान कोण बांधणार, हे आधी विचारतो.

महिन्याभरानं चहाला बोलावणं आलं. बैठकीच्या भिंतीत ओळीनं अकरा खिळे ठोकले होते. एकावरही काही टांगलेलं नव्हतं. क्वार्टरच्या भिंतीला कधी खिळा मारला नाही, जाताना उपसावा लागतो, बाई सांगत होत्या.

मी विचारलं, काय लावणार यांच्यावर?

"पाहू ना," बाई म्हणाल्या. "घाई काय हाये?"