दाजींचा आवाज मी कापला, त्याची गोष्ट

दाजी गेले.
आज सकाळी, पुढ्यातला चहा निवायच्या आत.

सगळं आटपून आता कुंभारवाड्यात अंगणात बसलोय. रेंज इथं एकाच कोपऱ्यात येते, तिथंच बसून लिहितोय.

दाजी म्हणजे परशराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भात पिकवायचे, फॉरेस्टच्या कामावर जायचे, आणि भजनात असे गायचे की शेजारच्या वाडीतली माणसं जेवण टाकून ऐकायला यायची.

आणि बोलताना अडखळायचे. चांगलेच.

गाताना अजिबात नाही. म्हशीशी कोकणीत बोलतानाही नाही. माणूस समोर आला की मात्र पहिलं अक्षर ओठात अडकून बसायचं. त्यात बिचाऱ्यांचं नावच 'प' वरनं!

लोक त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे व्हायचे. "व्हय व्हय, कळलं."
काय डोंबल कळलं? दाजींना भलतंच सांगायचं असायचं.

पण गडी चिडायचा नाही. हसायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे. गप्पिष्ट माणूस हो!

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी बेळगावात एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होतो आणि रामनगरच्या घरी स्वतःचं रेकॉर्डिंग करायचं खूळ डोक्यात शिरलं होतं.

घेणं एकच परवडणार. एक तर सेकंडहँड फोर ट्रॅक मशीन: एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरायचे, बटणं फिरवायची, झालं. नाहीतर कंप्युटर असेंबल करायचा आणि त्यात सॉफ्टवेअर टाकायचं.

"अक्का, हार्डवेअर घेऊ की सॉफ्टवेअर, तेच कळंना झालंय."
"हार्डवेअर रामनगरातच हाय की! येताना गोठ्याला एक कडी घिऊन ये."
दाजी हसून हसून खोकायला लागले.

मशीन एका ऑर्केस्ट्रावाल्यानं पंधरा दिवस वापरून बघायला दिलं होतं. ते घेऊन इथं आलो आणि दाजींची दोन भजनं भरली. जत्रेत स्पीकरवर लावायची होती. आमच्याकडं गाणाऱ्यानं आधी आपलं नाव-गाव सांगायचं असतं. दाजींनी सांगितलं. लागला तेवढा वेळ लागला.

मग ती कॅसेट क्लासमधल्या कंप्युटरवर घेतली.
आणि काय सांगू, आवाज पडद्यावर दिसतो! दाजी अडखळले तिथं बारीक बारीक रेघा. माउसनं धरायचं, डिलीट. धरायचं, डिलीट.

अख्खा रविवार घालवला. शेवटी दाजी रेडिओवरच्या निवेदकासारखे बोलले. "परशराम, मुक्काम कुंभारवाडा, तालुका जोयडा."

मी जाम खूश. ठरलं, सॉफ्टवेअरच घ्यायचं. दाजींना केवढी भेट देतोय मी!

ते परत कॅसेटवर भरलं आणि इथं येऊन ती कॅसेट लावली. दाजींनी कान देऊन ऐकली.
"प-प-परत लाव."
परत लावली. तीन वेळा. मग उठून गोठ्यात गेले.

त्या दिवशी जेवताना ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. काही विचारलं की नुसती मान हलवायची. आमटी हवी असली तर वाटी पुढं सरकवायची. म्हशीशीसुद्धा गप्प.

मला वाटलं, तब्येत बरी नसेल. मी पण किती मठ्ठ!

अक्कानं मला परसात गाठलं.
"काय करून ठेवलंस रे हे? जन्मभर लोकं त्यांचं बोलणं तोडत आली, तरी ते कधी गप बसले न्हाईत. तू कापलंस आणि मुके झाले बघ."
"अक्का, मी चांगलं करायला गेलो गं…"
"चांगलं? त्यात माजा माणूस कुठं हाय? लगीन झाल्यापासनं मी त्यांचं बोलणं व्हायची वाट बघत बसते. मला कंटाळा आला म्हटलं का कवा?"

मला लाज वाटली. अजून वाटते.

मशीन परत द्यायला एक दिवस उरला होता. ते दाजींच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.
"दाजी, मी चुकलो. नाव परत एकदा सांगा की."
त्यांनी मान हलवली. नाही.
"ह्याच्यात कापायला येत न्हाई, दाजी. जे बोलाल ते तसंच ऱ्हातंय."

दाजींनी मशीनवरनं हात फिरवला. मग दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.
"आ-आणि लोक ह-ह-हसले तर?"
आतनं अक्का ओरडली, "हसू देत की! दात त्यांचे दिसतील, आपलं काय जातंय?"

दाजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी लाल बटण दाबलं.

जत्रेत ती कॅसेट लागली तेव्हा दोघं-तिघं हसलेच. दाजी सरळ त्यांच्यात जाऊन उभे राहिले. "म-मीच तो," म्हणाले. मग भजन सुरू झालं आणि कुणी हसलं नाही.

मी मशीन घेतलं. पुढं सगळ्यांसारखं सॉफ्टवेअरही आलं. आज पोटासाठी लोकांची गाणी कापतो, जोडतो, सूर सरळ करतो. दाजींच्या त्या कॅसेटला मात्र कधी हात लावला नाही.

मघाशी अक्का म्हणाली, "लाव जरा." मोबाइलवर जसंच्या तसं उतरवून ठेवलंय, ते लावून दिलं. त्यांचं नाव पुरं होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग रडली.

ते रेकॉर्डिंग खाली टाकलंय. भजनाआधी दाजी स्वतःचं नाव सांगतायत. कृपा करून पुढं सरकवू नका. त्यांचं सांगून होऊ द्या.

दाजी, सावकाश जावा.
मनापासनं श्रद्धांजली.
तुमचा मेहुणा