पुढच्या बाकावरचा गुडघा

गावच्या चर्चमध्ये कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे हे देवाला ठाऊक होतं, फादरना बऱ्यापैकी ठाऊक होतं, आणि उरलेलं गाव शिवणमावशीकडे बघून ठरवायचं. मावशी पहिल्या बाकाच्या कडेला बसायची. ती उठली की गाव उठे, ती बसली की गाव बसे, आणि तिला शिंक आली तर निदान चौघं तरी खिशातून रुमाल काढत.

ही सवय मावशीच्या आईपासूनची. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, जुन्या भाषेत होई आणि त्या भाषेतलं गावाला ओ की ठो कळत नसे. आई फादरांच्या घरी स्वयंपाकाला होती. भांडी घासता घासता तिला एवढं समजलं होतं की अमुक शब्द आला की उठायचं, तमुक आला की वाकायचं. मग गाव तिच्या पाठीकडे बघून भक्ती करू लागलं. पुढे मिस्सा आपल्या भाषेत आली, शब्द न् शब्द कळायला लागला, पण तोवर ऐकायची सवय मोडली होती. आई गेल्यावर त्या जागी थोरली मुलगी, म्हणजे आपली शिवणमावशी, बसली, आणि गाव तिच्या पाठीकडे बघू लागलं.

थोरली शिवणकाम करायची. दिवसभर पायाचं मशीन हाणून हाणून तिचा उजवा गुडघा कामातून गेला. आधी तो कुरकुरला, मग आखडला. गुडघे टेकायच्या वेळी तिला पुरतं टेकता येईना. मग ती समोरचा कठडा धरून अर्धी उठलेली, अर्धी वाकलेली अशी राहायची, आणि उठण्याआधी गुडघ्याला जाग यावी म्हणून त्यावर दोन थापा मारायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा अशी आपल्याकडे म्हण आहे. या चर्चमध्ये पुढच्यास ठेच लागली की मागचा मुद्दाम ठेचकाळायचा. वर्षभरात अख्खं गाव अर्धवट वाकून उभं राहू लागलं आणि उठताना दोन थापा मारू लागलं. तरणीताठी पोरंसुद्धा.

नवे फादर आले तेव्हा वेदीवरून हे दृश्य बघून त्यांच्या हातातलं पुस्तक पडता पडता राहिलं. मिस्सा झाल्यावर त्यांनी हेडमास्तरांना गाठलं. हेडमास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, घरी बायको गेल्यापासून बोलायला कोणी नव्हतं, म्हणून चर्चचा इतिहास लिहीत होते.

"हे अर्धं वाकणं काय आहे, सर?"

"पूर्वापार आहे," हेडमास्तर म्हणाले. "माणूस हा माती आणि स्वर्ग यांच्या मध्ये लटकलेला आहे, त्याची खूण."

"आणि थापा?"

"अहंकार झोपेत असतानाच त्याला मारायचं असतं, फादर."

फादर रात्रभर ग्रंथ चाळत बसले. कुठेच काही सापडलं नाही. पण नवा माणूस, गाव मोठं. कशाला उगाच दगडाखाली हात घाला? महिन्याभरात तेही गुडघ्यावर थापा मारू लागले.

या सगळ्यातलं काहीही मावशीला माहीत नव्हतं, कारण पहिल्या बाकावर बसणाऱ्याला मागचं दिसत नाही. आणि तिचं मन तर त्याही मागे, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर असायचं. तिथे तिची धाकटी बहीण बसायची.

धाकटीची बेकरी होती. आईच्या शेवटच्या आजारपणात पहाटे भट्टी लावून, पाव काढून, हात धुऊन ती आईचं अंथरूण बदलायला जायची. थोरली रात्री यायची, मशीनचं काम आटोपून. आईच्या अंत्यविधीला दोघी पहिल्या बाकापाशी एकदमच पोचल्या. जागा एकीचीच होती. थोरली म्हणाली, "मी थोरली आहे," आणि बसली. धाकटी तिच्या कानाशी वाकली. "बस. तुला जागाच हवी होती, आई नव्हती हवी." मग ती तडक शेवटच्या बाकावर गेली आणि शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली. तेव्हापासून अबोला. दोघींची घरं एका गल्लीत, पण थोरली पाव दुसऱ्या गावाहून मागवायची आणि धाकटी फाटके कपडे स्वतःच वेडेवाकडे शिवायची. दर रविवारी फादर सांगत, "एकमेकांना शांती द्या." तेव्हा शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करायचा असतो. थोरली गुडघ्यामुळे वळू शकत नसे, म्हणून ती जागच्या जागी समोर मान हलवी. गावही समोर मान हलवून मोकळं होई. शेजाऱ्याचं तोंड बघायची कटकट नाही.

मावशीला मागे जायचं होतं. मनातल्या मनात ती किती रविवार गेली असेल! एकदा मिस्सा सुरू व्हायच्या आधी खरोखरच गेली, धाकटीच्या बाकापाशी उभी राहिली. धाकटीने पिशवी हलवली नाही. मावशी पलीकडच्या बाकावर बसली, नजर पिशवीवर, आणि त्या दिवशी चर्चचा नुसता बाजार झाला. कोणी उभा, कोणी ओणवा, उभं राहून ऐकायचं शुभवर्तमान चालू असताना अर्धे लोक बसलेले. संध्याकाळी हेडमास्तर चार जणांना घेऊन मावशीच्या दारात. "मावशी, परंपरेचा प्रश्न आहे. तुमची जागा पुढे." मावशीला वाटलं, धाकटीनेच तक्रार केली असणार. पुढच्या रविवारी ती परत पहिल्या बाकावर जाऊन बसली.

अशात चर्चची शताब्दी आली. बिशप येणार म्हणून भिंतींना रंग लागला, हेडमास्तरांचा इतिहास छापून आला, त्यात अर्ध्या वाकण्यावर एक अख्खं प्रकरण. आणि शताब्दीच्या आठवड्यात एक बाई मावशीकडे माप द्यायला आली आणि हात वर करून उभी असताना सहज बोलून गेली, "तुमच्या धाकटीने बेकरी विकली की. मुलाकडे चाललीय शहरात, कायमची. शताब्दी झाली की निघणार."

मावशीच्या हातातला टेप निसटला. बाईची कंबर त्या दिवशी चार बोटं जास्त लिहिली गेली, आणि तो ड्रेस पुढे तिला कधीच बसला नाही.

शताब्दीच्या मिस्सेला चर्च खच्चून भरलं होतं. सगळं सुरळीत चाललं. गाव एकजुटीने अर्धं वाकलं, एकजुटीने थापा मारल्या, बिशपांच्या भुवया वर गेल्या त्या तशाच राहिल्या. मग ते हात पसरून म्हणाले, "एकमेकांना शांती द्या."

मावशीला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. तिने कठडा धरला, गुडघ्यावर दोन थापा मारल्या, उठली, वळली आणि मधल्या वाटेने चालू लागली. उजवा पाय ओढत, बाकांच्या कडा धरत. आजूबाजूला काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. काय बोलायचं ते ती जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं.

तिच्यामागे पहिला बाक उठला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे उजवा पाय ओढत.

शेवटच्या बाकापाशी मावशी थांबली. पिशवी जागेवर होती.

"जागा आहे का?" तिने विचारलं. जुळवलेल्यातलं एवढंच तोंडातून निघालं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून मागे. "माफी मागायला अख्खं गाव घेऊन आलीस?"

मावशीने वळून पाहिलं. दारापासून वेदीपर्यंत माणसंच माणसं, सगळी तिच्याकडे तोंड करून. "अगंबाई! हे कुठून आले?"

"तुझ्या मागून. आईच्या वेळेपासून हेच करतायत. तुला ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असणार? मी पुढे बसते."

धाकटीला हसू आलं. तिने ते दाबलं, दाबल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बस. गुडघा कसाय?"

"गेला."

"मशीन सोड म्हणून आई सांगत होती."

"तुला सांगायची. मला काहीच सांगितलं नाही तिने. मी रात्री यायचे, तोवर ती झोपलेली असायची." आणि मावशी त्या रिकाम्या जागेवर बसली आणि ढसाढसा रडली. अख्खं गाव होतं तिथे, वाटेत, फरशीवर, एकमेकांच्या पायांवर बसलं, आणि रुमाल निघाले.

वेदीवर बिशप आणि फादर दोघंच उरले होते. "हे काय आहे?" बिशपांनी विचारलं.

फादरनी खाली मान घालून उत्तर दिलं, "पूर्वापार आहे."

धाकटी थांबली नाही. सौदा झाला होता, मुलगा न्यायला आला. जाताना थोरलीच्या हाताला पिठाचा हात लावून गेली. मावशी आता शेवटच्या बाकावर बसते आणि पुढचं गाव माना मोडेस्तोवर मागे वळून तिला बघत असतं. शांती द्यायची वेळ आली की ती शेजारी, पिशवीच्या जागेवर हात ठेवते. तेव्हा सगळं चर्च आपापल्या शेजारच्या जागेवर हात ठेवतं.

फादरनी हेडमास्तरांना या प्रथेचा अर्थ विचारला. इतिहासाची दुसरी आवृत्ती निघायची होती, जागाही राखून ठेवली होती. हेडमास्तरांनी तिथे अजून काही लिहिलेलं नाही. त्यांची बायको त्यांच्या डाव्या हाताला बसायची.